वहीत कायीच नाई दिसत, मॅडम

पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून बदलला. तो पालकांना समजावून सांगायची सभा पहिल्याच आठवड्यात घ्या, असा केंद्रप्रमुखांचा (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा) निरोप आला. सभेचे फोटो ग्रुपवर टाका, हे निरोपात नेहमीप्रमाणे होतंच. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा उघडते. यंदा, २०२५ मध्ये, ती २३ जूनला उघडली, म्हणजे नेमकी पेरणीत. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं, कोरडवाहू, कपाशी-तूर-सोयाबीनचं. अशा दिवसांत दुपारी दोनची सभा ठेवली असती तर सतरंजीवर मी, सर आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष एवढेच दिसलो असतो. म्हणून वेळ ठेवली संध्याकाळी साडेसातची. बाया वावरातून येतात, चूल पेटवतात, भाकरी थापून होतात, त्यानंतरची.

आमची शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी. पहिली-दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. पहिलीत यंदा अकरा मुलं आली. ती टिकवणं हाही या सभेचा एक हेतू होता, हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळी गावात तालुक्याच्या कॉन्व्हेंटची पिवळी गाडी येते (आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही खाजगी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात) आणि दरवर्षी एकदोन मुलं त्या गाडीत चढतात. पट घसरला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद जातं. ही टांगती तलवार डोक्यावर ठेवूनच आम्ही बाराखडी शिकवतो.

सभेत काय सांगायचं याचा कागद मी प्रशिक्षणातल्या टिपणांवरून तयार केला होता. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०, पायाभूत स्तर, तीन ते आठ वर्षं, अध्ययन निष्पत्ती, समग्र प्रगती पत्रक असं सगळं त्यात होतं. सरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "मॅडम, 'अध्ययन निष्पत्ती' तोंडातून निघाली की मागची रांग उठून पान खायला जाईल." मग बसून तोच कागद पुन्हा केला. तीन वर्षांची अंगणवाडी आणि आपली पहिली-दुसरी हा आता सलग पाच वर्षांचा एक टप्पा धरला आहे, एवढं एक वाक्य धोरणाचं ठेवलं. बाकी सगळं एकाच गोष्टीभोवती लावलं : तुमचं पोर शाळेत आल्यापासून सुटेपर्यंत काय करतं.

निमंत्रणासाठी मुलांच्या हातच्या चिठ्ठ्या बेभरवशाच्या. त्या खिशातच धुतल्या जातात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, पण फोन बहुतेक घरी एकच, आणि तो बापाबरोबर वावरात जातो. कामाला आल्या त्या अंगणवाडी सेविका आणि पोषण आहाराच्या ताई. ताईंना प्रत्येक घरातली भांडणंसुद्धा ठाऊक. कोणाला कसं बोलवायचं, कोणासमोर कोणाचं नाव घ्यायचं नाही, हे त्यांनीच सांगितलं. शिवाय मंदिराच्या भोंग्यावरून पुकारा झाला. माणसं आली. बाया जास्त, त्यातही आज्या जास्त. आई-बाप दमून घरी आणि नातवाची सभा आजीकडे, हे आमच्याकडचं रोजचं चित्र आहे. नव्या अभ्यासक्रमाच्या कागदांवर 'पालक' असा शब्द असतो. माझ्या अकरा मुलांपैकी निम्म्यांच्या बाबतीत त्या शब्दाचा खरा अर्थ आजी असा आहे.

मी भाषण केलं नाही. सगळ्यांना पहिलीतली मुलं समजून शाळेचा दिवस चालवला. परिपाठ त्यांना माहीत होता : राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका. तो सोडून थेट गप्पांच्या वेळेवर आलो. रोज सकाळी मुलं गोल बसतात आणि कालचं काहीतरी सांगतात. कोणाची गाय व्याली, कोणाच्या घरी पाहुणे आले. एका बापाने लगेच विचारलं, "हे तर घरी बी करतेच ना, मॅडम. याच्यासाठी शाळेत कायले पाठवाचं?" प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, घरी पोर वऱ्हाडीत बोलतं, पुस्तकात वेगळी मराठी असते. आधी त्याच्या बोलीत भरपूर बोललं, मग पुस्तकातली ऐकली, म्हणजे वाचताना ते अडखळत नाही. जे पोर वर्गात तोंडच उघडत नाही, ते तिसरीत जाऊनही वाचत नाही. हे मी पुस्तकातून नाही, माझ्याच वर्गातल्या मुलांकडे बघून सांगत होते. बापाने मान हलवली. पटलं म्हणून हलवली की पुढे चला म्हणून, ते कळलं नाही.

मग टाळ्यांचा खेळ. शब्द म्हणायचा आणि जितके तुकडे तितक्या टाळ्या. क-पा-शी, तीन. ति-फण, दोन. आज्यांना हे फार आवडलं. एकीने स्वतःहून 'सो-या-बी-न' केलं आणि शेवटच्या टाळीवरून शेजारणीशी वाद घातला. सो-या-बीन की सो-या-बी-न? पुरुष भिंतीला टेकून हसत होते, पण टाळी वाजवायला तयार नव्हते. शब्द कानाने तोडता आला तर तो डोळ्यांनी वाचायला सोपा जातो, म्हणून हा खेळ, असं मी सांगितलं. पहिले बारा आठवडे असेच जातात. त्याला 'विद्याप्रवेश' म्हणतात. त्यात खेळ, गाणी, चित्रं, मातीकाम, ठिपके जोडणं असतं. लिहिणं त्यात हळूहळू येतं.

बारा आठवडे म्हटल्यावर मागून आवाज आला. माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई. "मॅडम, माया पोरीच्या वहीत कायीच नाई दिसत. बाजूच्या घरचं पोरगं कॉन्व्हेंटात जाते, केजीतच त्याच्या तीन वह्या भरल्या. लिवाले कवा शिकवान?"

सभा खरी इथे सुरू झाली. चारपाच जणी एकदम बोलायला लागल्या आणि प्रत्येकीच्या बोलण्यात वही होती. प्रशिक्षणात अशा वेळी काय म्हणायचं ते शिकवलेलं असतं : लहान वयात लेखनाची घाई केली तर बोटांवर ताण येतो, मूल कंटाळतं वगैरे. ते खोटं नाही. पण ज्या बाईला स्वतःला वाचता येत नाही, तिला शाळेत काही चाललंय की नाही हे बघायची एकच खिडकी आहे, ती म्हणजे भरलेली वही. पान भरलं, खाली लाल शाईची सही आली, म्हणजे मास्तरीण काम करते. ती खिडकी मी बंद करायची आणि बदल्यात काही द्यायचं नाही, हा व्यवहार कोणीही मान्य करणार नाही. वही मागणाऱ्या आईला मागासलेली समजणारे लोक मी प्रशिक्षणांत पुष्कळ पाहिले. मला ती आई त्यांच्यापेक्षा जास्त हिशोबी वाटते.

मग अक्षरांच्या चिठ्ठ्या काढल्या. क, म, ल आणि एक काना. अ पासून ज्ञ पर्यंत पाठ करायचं म्हटलं तर पोळा जातो, दसरा जातो आणि पोराला एक शब्द वाचता येत नाही. त्याऐवजी ही चार चिन्हं आधी दिली तर? एका पाचवीपर्यंत शिकलेल्या आईला पुढे बोलावलं आणि शब्द जुळवायला सांगितले. तिने मका केला. मग काम, माल, काल, कमल. शेवटी कोणीतरी 'कमाल' सुचवला आणि बाया खुश झाल्या. चार चिठ्ठ्यांत इतके शब्द. अक्षरं गटागटाने का येतात, याचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मात्र मुळाक्षरांचा तक्ताही भिंतीवर राहील, असं मी कबूल केलं. आजोबांच्या वयाच्या माणसांना तो भिंतीवर दिसला नाही तर ती शाळाच वाटत नाही.

आणि वर्षाचं वचन दिलं. 'निपुण भारत' या २०२१ मध्ये सुरू झालेल्या अभियानाने पहिलीसाठी जे ठरवलंय, तेच साध्या शब्दांत : उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत तुमच्या पोराने न पाहिलेलं चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचलं पाहिजे, ९९ पर्यंत आकडे वाचले आणि लिहिले पाहिजेत, सोपी बेरीज-वजाबाकी केली पाहिजे. नाही आलं तर मला जाब विचारा. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेत गहाण टाकलं. पण पालकांना बोलायला हातात धरण्यासारखं काही मिळालं. 'सर्वांगीण विकास' हातात धरता येत नाही.

गणिताचं मात्र मी ठरवलं होतं त्यापेक्षा वेगळंच झालं. मी तुराट्यांच्या काड्या मोडून दहा-दहाच्या जुड्या बांधून आणल्या होत्या. आधी वस्तू हातात, मग त्याबद्दल बोलणं, मग चित्र, शेवटी आकडा, हा नव्या पद्धतीचा क्रम. तीन जुड्या आणि सात सुट्या काड्या, सदतीस. इथवर ठीक. पण हे बाळबोध वाटून लोक चुळबुळायला लागले होते. म्हणून मी तोच आकडा उचलून विचारलं, "सदतीस किलो कापूस वेचला, आठ रुपये किलोनं मजुरी किती?"

दहावी झालेला एक बाप तळहातावर बोटाने गुणाकार मांडू लागला. त्याचं मांडून व्हायच्या आधी कोपऱ्यातून एक आजी म्हणाली, "दोनशे शहाण्णव." आजी कधी शाळेत गेलेली नाही. हजेरीच्या कागदावर तिने थोड्या वेळापूर्वीच अंगठा लावला होता.

मी विचारलं, कसं काढलं? ती लाजली. "कसं म्हंजे? येते." मी सोडलं नाही. तेव्हा म्हणाली, "चाळीस किलोचे झाले तीनशे ईस. तीन किलो कमी भरला, त चोईस काढा." फळ्यावर मी तिचं बोलणं जसंच्या तसं मांडलं : चाळीस गुणिले आठ, तीनशे वीस. तीन गुणिले आठ, चोवीस. वजा केले की दोनशे शहाण्णव. दहावीवाल्याचं तळहातावरचं उत्तरही तेच आलं होतं, पण ते 'हातचा पाच' घेऊन. मी त्याला विचारलं, हातचा पाच म्हणजे काय घेतलं? तो म्हणाला, "मॅडम, तसंच शिकोलं होतं."

मग फार बोलावं लागलं नाही. नवं गणित आजीच्या बाजूचं आहे, एवढंच सांगितलं. उत्तर किती आलं याच्याबरोबर कसं काढलं हेही पोराला विचारायचं. दोन पोरांनी दोन रस्त्यांनी काढलं तर दोन्ही फळ्यावर लिहायचे. आणि घरी गृहपाठ हवाच असेल तर हा घ्या : वेचणीचा, दुधाचा, दळणाचा हिशोब पोराला ऐकू येईल असा मोठ्याने करा. आजी बाजूच्या बाईला म्हणाली, "म्हंजे आपुन मास्तरीन झालो व." त्या सभेत सगळ्यात मोठ्याने लोक हसले ते इथे.

रोजच्या सवयींचं मी भराभर उरकलं, कारण भूक लागली होती. शाळा भरायच्या आधी पोर पोचलं पाहिजे, कारण पहिला तास गप्पांचा आणि तोच चुकला तर दिवसभर ते बुजून बसतं. पाण्याच्या घंटेला पाणी प्यायचं, पोषण आहाराआधी हात धुवायचे, ताट स्वतः धुवायचं. एका आईने विचारलं, मुलाने ताट धुवायचं का? हो, मुलानेही. एक गोष्ट मात्र थांबून सांगितली. निंदनाच्या दिवसांत लहान भावंडं सांभाळायला पहिलीतल्या पोरीला घरी ठेवू नका. यावर कोणी काही बोललं नाही. जुलैत दोन पोरी मधूनमधून गैरहजर राहिल्या, त्यातली एक त्याच कारणाने. निंदनाची मजुरी आणि माझा अभ्यासक्रम यांत मजुरी जिंकते. त्यावर माझ्याजवळ सभेपुरता उपाय नव्हता. पुढे अंगणवाडी सेविकेने धाकट्याला दुपारपर्यंत तिच्याकडे बसवून घेतलं, तेव्हा ती पोरगी यायला लागली.

हिंदीचा प्रश्न शेवटी आलाच. टीव्हीवर सगळीकडे तेच चाललं होतं. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणली. १७ जूनच्या दुरुस्तीत 'अनिवार्य' शब्द जाऊन 'सर्वसाधारणपणे' आला आणि वर्गातल्या किमान वीस मुलांनी मागितली तर दुसरी भारतीय भाषा मिळेल, असं आलं. माझ्या वर्गात मुलंच अकरा. हे सांगितल्यावर अध्यक्ष म्हणाले, "म्हंजे आपल्याले मागाचाच अधिकार नाई." खरं तर आमच्या भागात हिंदीची भीती कोणाला नाही. बाजारात, एसटी स्टँडवर, मोबाईलवर ती कानावर पडतेच, पोरं कार्टून बघून फाडफाड बोलतात. लोकांची काळजी वेगळी होती. आधी मराठी धड येऊ द्या, मग बाकीचं. मी सांगितलं, अजून काही पक्कं नाही, थांबू. रविवारी, २९ जूनला, सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतल्याचं जाहीर केलं आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सोमवारी शाळेच्या फाटकाशी मला एका बापाने सांगितलं, "तुमी म्हनलं तेच झालं मॅडम, थांबाच लागलं."

सभेचे फोटो ग्रुपवर टाकले. त्यावर अंगठा आला.

वहीचं काय केलं ते सांगते. दर शनिवारी प्रत्येक मुलाचा एक कागद, मग ते चित्र असो, ठिपके असोत की पहिलं वाकडंतिकडं अक्षर, तारीख टाकून त्याच्या फाइलमध्ये लावायचा आणि ती फाइल रविवारसाठी घरी जायची. सोमवारी परत. फाइल म्हणजे दुकानातली सर्वात स्वस्त पुठ्ठ्याची. जुलैतला कागद आणि सप्टेंबरातला कागद शेजारी ठेवला की वाचता न येणाऱ्या आईलाही फरक दिसतो. समग्र प्रगती पत्रकात पालकांनी सांगायचा एक भाग असतो, तोही मी याच फायलीसमोर बसून, मोहल्ल्यातल्या माता गटात, त्यांच्या तोंडून ऐकून भरते. 'नंबर कोनता आला?' हा प्रश्न तिथेही येतोच. नंबर नसतो म्हटलं की बाया माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात.

हे लिहितेय दिवाळीच्या सुट्टीत. उरलेल्या दहांपैकी सात मुलं आता छोटे शब्द जुळवून वाचतात, दोन अर्धीमुर्धी, एक अजून अक्षरांशी झगडतं. अकरावा मुलगा ऑगस्टमध्ये पिवळ्या गाडीत गेलाच. त्याच्या आईने सभेत टाळ्या सर्वात जोरात वाजवल्या होत्या. पण निर्णय तिचा नव्हता, काकांचा होता आणि फीही काकाच भरतात. सभेने सगळं होतं असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ज्याच्या हातात निर्णय असतो तो पुष्कळदा सभेला येतच नाही. पुढच्या वेळी काकांना वेगळं गाठावं लागेल, आणि ते सकाळी चहाच्या टपरीवर सापडतात, तिथे सरांनाच जावं लागेल.

दुसरीच्या पालकांनी फायली मागितल्या, त्या दिल्या. आता तिसरीच्या आया सरांना म्हणतात, "आमच्या पोरायची फाइल काऊन नाई?" सर माझ्याकडे बोट दाखवतात आणि एकच विचारतात, "पुठ्ठ्याचे पैसे कोणत्या अनुदानातून टाकायचे, मॅडम?"